कर्दळीखालचं खळं

आये, तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि आज मी तुला पत्र लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मासळी निवडता निवडता तू मधेच म्हणाली असतीस, "बाय, लांबण नको लावू, काय झालं ते सांग." सांगते. पण मी दमले आहे, सहासष्ट वर्षांची झाले आहे, आणि जन्मभर दुसऱ्यांची लांबण तोडत आल्यावर आता थोडी स्वतःची लावायचा मला हक्क आहे.

निवृत्त झाल्यावर मी बोईसरची खोली सोडून आपल्या घरी राहायला आले. कारखान्याच्या प्रयोगशाळेत सांडपाण्याच्या बाटल्या तपासण्यात उमर गेली. आता ओटीवर बसून निवांत चहा प्यावा, एवढीच अपेक्षा होती. पण चहाचा कप तोंडाशी नेला की नाकात वास. तुझ्या वेळी गावात सांडपाणी म्हणून वेगळं काही नव्हतंच. विहिरीवरून डोक्यावर आणलेलं पाणी कोण वाया घालवणार? भांड्यांचं पाणी मागच्या केळीला जायचं, मासे धुतलेलं माडाच्या बुडाशी. मग घरोघरी नळ आले, चांगलं झालं. घरोघरी फरशीच्या मोऱ्या आल्या, तेही चांगलंच झालं. मोरीतून बाहेर पडलेलं पाणी पुढे कुठे जाईल, एवढा विचार करायला मात्र कोणालाच सवड झाली नाही. केळी तोडून लोकांनी खोल्या वाढवल्या आणि सगळ्या गावाचं पाणी रस्त्याकडेच्या चरातून शाळेच्या भिंतीला लागून खाडीकडे जाऊ लागलं. जाऊ लागलं असं आपलं म्हणायचं. खरं तर ते शाळेपाशी येऊन बसायचं, आणि मुलं नाकाला रुमाल लावून पाढे म्हणायची.

मला राहवलं नाही. ग्रामपंचायतीत जाऊन भांडले. सरपंच तरुण आहे, गोड बोलतो, फोटोत नेमका मध्यभागी उभा राहतो. म्हणाला, "मॅडम, तुमीच लिहून द्या ना सगळं. आमचं इंग्रजी म्हंजे तुमाला ठाऊकच हाय." मी लिहून दिलं. कॉन्व्हेंटचं इंग्रजी त्या दिवशी पहिल्यांदा गावाच्या कामी आलं, आणि मला त्याचा गर्व वाटला, हे आधीच सांगून टाकते. एक संस्था पुढे आली, एक अभियंता आला, आणि दीड वर्षात गावाचं पाणी साफ करायचं काम उभं राहिलं. उभं म्हणजे काय, दिसायला काहीच नाही, आणि त्यातलं हेच मला सगळ्यात आवडतं. आधी एक टाकी, तिच्या तोंडाशी जाळी. खवले, शितं, केस तिथे अडकतात आणि गाळ तळाला बसतो. पुढे खडीने भरलेले दोन लांबलचक वाफे, त्यांत कर्दळ लावलेली. पाणी खडीच्या वर येतच नाही. आतल्या आत, मुळांमधून, सावकाश सरकत जातं आणि जाता जाता साफ होतं. वर कोरडी खडी आणि लाल-पिवळी फुलं. शेवटी एक लहानसं तळं, त्यातलं पाणी शाळेच्या माडांना. वीज लागत नाही, मोटर लागत नाही. उतार, ऊन आणि मोकळी जागा, एवढंच लागतं. आपल्या गावात या तिन्ही गोष्टी एकत्र एकाच ठिकाणी होत्या, शाळेच्या खालच्या अंगाला. जिथे तू आणि गावच्या सगळ्या बायका मासळी सुकवायच्या ते खळं.

पहिला पावसाळा सरला तेव्हा तळ्यातलं पाणी मी बाटलीत धरून उन्हाकडे केलं आणि पलीकडचा माड मला त्यातून स्पष्ट दिसला. आये, पगार घेऊन मी हजारो बाटल्या अशा उजेडाला धरल्या असतील, त्यांतल्या एकीनेही मला एवढा आनंद दिला नाही. शाळेच्या खिडक्या उघडल्या. शेजारच्या गावांची माणसं बघायला आली. सरपंचाने तळ्याच्या पुढे समुद्राच्या बाजूला उरलेल्या पट्ट्यात बाकं टाकली, हिरवळ लावली आणि स्वतःच्या फोटोचा फलक लावला. मी फलकाला नावं ठेवली, पण बाकावर बसले.

मग डिसेंबर उलटला, होड्या जवळ्याने भरून येऊ लागल्या, आणि एका सकाळी मी वाफ्यांवर गेले तर खडीवर जाळी अंथरून सगळीकडे जवळा पसरलेला. अख्खा वाफा गुलाबी. मधेमधे चौकोन चौकोन करून कर्दळ उपटून कडेला टाकलेली. दहा-बाराजणी वाकून खराट्याने जवळा सारखा करत होत्या. तुझ्या शेजारची मावशी होती, जी तुझ्याबरोबर पाटी घेऊन बाजाराला जायची; आता ऐंशीच्या पुढे आहे, पण कमरेत अजून वाकते. तिची सूनही होती.

"हे काय चाललंय?" मी ओरडले.

सून मान वर न करता म्हणाली, "जवळा सुकवतो. चष्मा घरी राहिला काय, मॅडम?"

बाकीच्या हसल्या.

"अगं, हे गटार आहे! खाली गावभरच्या मोऱ्यांचं पाणी आहे!"

"ते खाली हाय ना? आमी वर सुकवतो."

"गो बाय, जाळ्याचे तीन पदर हायत," मावशी समजुतीने म्हणाली. "आन तुजी खडी तापते पन झकास. दुपारपातूर कडक."

मी त्यांना जंतू सांगितले, रोग सांगितले, खडी दबली की पाणी तुंबेल तेही सांगितलं. सांगितलं म्हणजे कसं, ते तुला माहीत आहे. अडाणी म्हणाले, घाणेरड्या म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच पसरला. मला वाटलं, माझ्या नाकावर टिच्चून करतात. ऊन बरं मिळतं म्हणून फुकटची तापलेली खडी वापरतात, एवढंच मला त्यातलं कळलं.

आणि मग मी जे केलं ते. चार दिवसांनी बोईसरच्या बाजारात भाजी घ्यायला गेले होते. मावशीची सून तिच्या नेहमीच्या जागी बसलेली, पुढे जवळ्याचा ढीग. कारखान्यात माझ्याबरोबर काम केलेल्या एक बाई समोर उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुमच्या गावचा आहे म्हणतात, घेऊ का हो?" मी म्हणाले, "घ्या ना. फक्त गटारावर वाळवलेला आहे, एवढं माहीत असू द्या." बोलले ते खोटं नव्हतं. पण ते खरं होतं म्हणून काही मी बोलले नाही. तोंडात छान जमून आलं होतं म्हणून बोलले. बाई हातातला जवळा टाकून निघून गेल्या. शेजारच्या चार गिऱ्हाइकांनी ऐकलं. सुनेने ढिगावर गोणपाट टाकलं, पाटी उचलली आणि एस.टी. धरली.

आठवड्याभरात 'गटारावरचा जवळा' हे शब्द वाणगावपर्यंत पोहोचले. घराच्या गच्चीवर सुकवणाऱ्या बायका होत्या, दारात बांबूच्या मांडवावर बोंबील टांगणाऱ्या होत्या, त्यांच्याकडेही कोणी फिरकेना. गावाचं नाव घेतलं की माणसं पुढच्या पाटीकडे सरकायची. एक-दोघी तर मुरबे गावचा माल आहे, सातपाटीचा आहे, असं सांगून विकू लागल्या. स्वतःच्या गावाचं नाव लपवून. ते माझ्या एका वाक्याने झालं.

माझी जीभ तुला नवीन नाही. मी नववीत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी आपल्या ओटीवर बायका बसल्या होत्या आणि मी त्यांना कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला धडा सुनावला होता, की माश्यांच्या पायांना रोगजंतू असतात आणि तुम्ही जे सुकवता त्यावर माश्या बसतात, शी. रात्री माझ्या ताटात नुसता भात आणि मीठ. दुसऱ्या दिवशीही तेच. तुम्ही सगळे माझ्यासमोर सुक्या बोंबलाचं कालवण ओरपताय आणि मी भात चिवडतेय. विचारलं तर म्हणालीस, "माश्या बसल्या व्हत्या गो त्यावर." आठ दिवस. नवव्या दिवशी मी रडले तेव्हा तू चुलीपुढून न उठता म्हणालीस, "विळीला धार असावी, बाय. पन विळी बसून वापरायची असते, हातात घेऊन गावभर फिरायची नसते." आणि कालवण वाढलंस. मी ते खाल्लं, आणि तुझं बोलणं मात्र तिथेच ताटात ठेवून उठले.

त्याच वर्षी सिस्टरनी चिठ्ठी पाठवली होती, की मुलीच्या गणवेशाला मासळीचा वास येतो, काळजी घ्यावी. मी ती चिठ्ठी तुला वाचून दाखवताना मला तुझीच लाज वाटत होती. तू दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर शाळेत आलीस, नऊवारी काष्टा, डोक्यात अबोली, आणि हातात कागदात बांधलेले सगळ्यात चांगले बोंबील. मी फाटकातच गोठले. सिस्टर केरळच्या, त्यांनी पुडा उघडला, डोळे मिटून वास घेतला, आणि मोडक्या मराठीत म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात पुन्हा आणशील?" त्यानंतर वासाबद्दल चिठ्ठी आली नाही. तू मात्र त्या दिवसापासून माझा गणवेश घरी वाळत घातला नाहीस. रोज संध्याकाळी तो घेऊन तू वाडवळ बागायतदारांच्या आळीत, वाडीपलीकडे जिथे मासळीचा वास पोचत नव्हता, कोणाच्या तरी दोरीवर टाकून यायचीस आणि पहाटे आणायचीस. शाळा संपेपर्यंत. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणाले नाही.

फेब्रुवारीत वाफे तुंबले. पावलांनी खडी दबली, जवळ्याचा चुरा आणि मीठ आत गेलं, उरलेली कर्दळ करपली. पाणी वर आलं, हिरवं झालं, आणि शाळेच्या खिडक्या पुन्हा बंद झाल्या. सरपंचाने तातडीची ग्रामसभा बोलावली. ठराव असा, की वाफ्यांना तारेचं कुंपण घालायचं, फाटकाला कुलूप लावायचं, आणि आत दिसेल तिच्यावर कारवाई. ठरावाचा मसुदा कोणी लिहिला असेल, सांग बघू.

मावशीची सून उठली. "घाला कुंपण. पन आदी एक सांगा. आमचं खळं रिकामं हाय, असं कागदावर कोनी लिवलं?"

"ते जुन्या सरपंचाच्या टायमाला झालं," सरपंच म्हणाला. जुना सरपंच वारला आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मेलेला माणूस फार सोयीचा असतो.

मावशी बसल्या जागेवरूनच बोलली. "रिकामं? गो, त्या खळ्यात वीतभर जागा बिननावाची नव्हती. ही माज्या सासूची, तिच्या बाजूला धाकट्या जावेची, मग विहिरीवालीची. सासू सुनेला देते, आय लेकीला देते. काम चाललं तवर आमी दारात भागवलं. दगडाच्या खुना व्हत्या, त्या तुमच्या मशीननं उचलल्या. तरी आमच्या पायांना ठाऊक हाय ना." ती माझ्याकडे वळली. "आमी तुज्या कर्दळीवर नाय आलो, बाय. आमी आमच्या जाग्यावर गेलो. कर्दळ आमच्या जाग्यावर आली."

तेव्हा मला ते चौकोन दिसले. उपटलेल्या कर्दळीचे. मला वाटलं होतं हाताला येईल तिथून उपटली. पण प्रत्येकीने मोजून आपल्यापुरता तुकडा मोकळा केला होता आणि त्याच्या बाहेरचं एक पानही तोडलं नव्हतं. खडी तापते की नाही, हा प्रश्नच नव्हता. ज्यांच्या जागा वाफ्यांबाहेर होत्या त्या बाकांच्या कडेने, हिरवळीला वळसा घालून आपापल्या ठिकाणी सुकवत होत्या, आणि मी रोज तिथून जात असून ते बघितलं नव्हतं.

आये, तो कागद मी लिहिला होता. अभियंता जुलैमध्ये पाहणीला आला. होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद, खळ्यात कमरेएवढं गवत आणि दोन म्हशी. अर्जात एक रकाना होता, 'जागेचा सध्याचा वापर'. अभियंत्याने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मी गावची लेक, मासळी सुकवणारीची लेक. मला माहीत होतं की दिवाळीनंतर इथे पाय ठेवायला जागा नसते. पण ते लिहिलं असतं तर संमती आली असती, बैठका आल्या असत्या, दुसरी जागा शोधणं आलं असतं, आणि मला बायकांशी हुज्जत घालायचा कंटाळा होता. मी लिहिलं, 'पडीक'. मंजुरीची सभा याच सरपंचाने सकाळी अकराला ठेवली, ज्या वेळी गावातली एकही बाई बाजारातून परतलेली नसते. ती वेळ मी सुचवली नव्हती, पण ऐकून गप्प बसले होते.

ग्रामसभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, "ते मी लिहिलं."

मावशीची सून म्हणाली, "बाजारात बोलल्या तेवढ्या मोठ्यानं बोला की, मॅडम. मागं ऐकू नाय आलं."

मी पुन्हा बोलले, मोठ्याने. कोणी हसलं नाही. मागून एकीचा आवाज आला, "कॉन्व्हेंटात शिकली ना," आणि त्यावरही कोणी हसलं नाही.

कुंपण रद्द झालं. सरपंच दोन आठवडे अडून बसला होता, शेवटी बाकं आणि फलक उचलले गेले. समुद्राकडचा पट्टा बायकांचा, वाफे पाण्याचे, असं ठरलं. मार्चच्या उन्हात आम्ही खडी उपसून, धुऊन परत भरली. आम्ही म्हणजे मी आणि त्याच बायका. पुरुष सल्ला द्यायला होते. नवी कर्दळ धरते आहे. पाणी अजून पहिल्यासारखं नितळ नाही, पण खाली उतरलं आहे. बाजार मात्र परत आला नाही. एका मंगळवारी मी मुद्दाम सुनेच्या शेजारी जाऊन बसले आणि येईल त्याला सांगू लागले, की आता वेगळ्या जागी, स्वच्छ ताडपत्रीवर सुकवतात. लोक "बघू" म्हणायचे आणि जायचे. तासाभराने ती म्हणाली, "तुमी घरी जा, मॅडम. तुमाला बघून त्यांना परत आठवतं." मी उठले. बोललेलं गावभर पोहोचायला आठ दिवस लागले; ते पुसायला किती लागतील, हे सांगणारी बाटली माझ्याकडे नाही.

काल त्या पट्ट्यात जागा आखल्या. पट्टा खळ्याच्या निम्माही नाही, म्हणून ज्यांच्या जागा शाबूत होत्या त्यांनी आपल्यातल्या कापून वाफ्याखाली गेलेल्यांना द्यायच्या, असं बायकांनी आपसांत ठरवलं. त्यात पंचायतीचं कोणी नव्हतं. मावशी दगड घेऊन पुढे, मागे सगळ्या. एकेकीला विचारत होती, तुजी कुठली, तुजी कुठली, आणि प्रत्येकीचं बोट क्षणात वळत होतं. मी बघत उभी होते. माझ्यापाशी येऊन ती थांबली.

"तुज्या आयशीची कुठली? दाखव."

मी म्हणाले, "मावशी, मी कुठे मासळी सुकवणार?"

"तू नाय सुकवनार, ठाऊक हाय. ज्यांना नाय त्यांच्यातल्या कोनालाबी दे. पन जागा लेकीनं दाखवायची असते."

आये, मला माहीत नव्हतं. मी त्या खळ्यात कधी उतरलेच नाही. शाळेला जाताना रस्त्यावरूनच हाक मारायचे, वास लागू नये म्हणून, आणि तीस-चाळीस बायकांतून एक हात वर व्हायचा. हात मला आठवतो. पण तू नेमकी कुठे उभी असायचीस, ते डोकं खाजवून खाजवूनही आठवेना. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी बोट केलं, समोर येईल तिथे, जांभ्याच्या बांधाजवळ.

सुनेने तोंड उघडलं, तेव्हा मावशीने तिच्याकडे एकदा बघितलं. मग मावशी चालत तिथपर्यंत गेली, वाकली, आणि दगड ठेवला. "ही हिच्या आयशीची," म्हणाली, आणि पुढच्या बाईकडे वळली.

आज सकाळी सून दारात आली. चहा घेतला नाही. म्हणाली, तुमच्या आईची जागा दुसऱ्या वाफ्याखाली गेली, मधल्या कर्दळीत. गावात सगळ्यांना माहीत आहे. बांधाजवळची जागा सासूबाईंची स्वतःची, त्यांच्या आईकडून आलेली होती; सासरची तर वाफ्याखालीच गेली. आता आम्हाला जागा नाही, तेवढं तुम्हाला कळावं म्हणून सांगायला आले.

ती गेल्यापासून मी इथे बसून लिहिते आहे. मावशीचं घर या खिडकीतून दिसतं, पंधरा पावलं असेल. तिला जाऊन सांगायला हवं की जागा परत घे, मला ठाऊक नव्हतं. यातलं 'मला ठाऊक नव्हतं' एवढं तिच्या तोंडावर म्हणायला जमत नाही, म्हणून तुला पत्र लिहायचं निमित्त काढलं, आये.